चाळिशीनंतर धावताना अंतर कसे वाढवावे

दम काही आठवड्यांत सुधारतो. कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) आणि हाडांना मात्र नव्या भाराला सरावायला काही महिने लागतात. दम टिकतोय म्हणून अंतर वाढवले की टाचेमागची कंडरा किंवा नडगी दुखू लागते.

आधी सलग ३० मिनिटे भरभर चालणे सहज जमू द्या. मग १ मिनिट धावणे, २ मिनिटे चालणे, अशा ८ फेऱ्या, एक दिवसाआड. वेग असा की पूर्ण वाक्य न धापता बोलता यावे. बहुतेकांना हा वेग लाजिरवाणा संथ वाटतो, पण तोच योग्य. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आखडलेले नसतील तरच पुढच्या आठवड्यात धावण्याचे मिनिट वाढवा, नाहीतर तोच आठवडा पुन्हा करा.

सलग ३ किलोमीटर जमू लागल्यावर आठवड्यातली एकच धाव अर्ध्या किलोमीटरने लांबवा. दर चौथ्या आठवड्यात एकूण अंतर पाव हिश्शाने कमी करा. अंतर आणि वेग एकाच वेळी वाढवू नका. चढावर धावणे हेही वेग वाढवण्यातच मोजा.

पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, १५ वेळा असे ३ संच. खाली येताना सावकाश या, पोटरीला तिथेही फायदा होतो.

नडगीवर एकाच बिंदूला दाबल्यावर कळ येत असेल तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवा. हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो. मधुमेह, रक्तदाब किंवा छातीत दुखण्याचा त्रास असल्यास तपासणी सुरुवातीआधीच.