फिल-ॲम लो बजेट पिक्चरच्या शोला प्रेक्षकांची रिॲक्शन कशी टिपायची

फिल-ॲम म्हणजे अमेरिकेतल्या फिलिपिनो लोकांचा पिक्चर. त्यातली आई तासभर मुलाशी धुसफुसत असते, आणि मग त्याच्या खोलीच्या दारात येऊन टागालोगमधे (फिलिपिन्सची एक मुख्य भाषा) एवढंच विचारते, ‘कुमाइन का ना?’ म्हणजे जेवलास का. खाली सबटायटल पण तेवढंच, साधं. माझ्या डावीकडे बसलेली दोन गोरी पोरं पॉपकॉर्न खात होती, त्यांना काही झालंच नाही, आणि उजवीकडच्या तीन तितांनी (तिता म्हणजे मावशी, काकू, आत्या, शेजारीण, सगळ्याच) एकदम पर्समधून टिश्यू काढले. एकच सीन, एकच रांग. आता डायरेक्टरला काय सांगणार, सीन चालला की नाही चालला?

तर हे लिहितोय ते या असल्या कोड्यासाठी. मी मराठीच आहे, सान फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहतो, एका फिल-ॲम मित्राच्या नादाने अशा छोट्या पिक्चरांच्या शोला व्हॉलंटियर म्हणून जायला लागलो आणि लोकांना कसा वाटला ते लिहून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या वेळी मी मोठ्या उत्साहाने लिहून दिलं की कॉमेडी जबरदस्त चालतीये, मधल्या चार रांगा तर लोळत होत्या. मित्राने वाचलं आणि शांतपणे म्हणाला, अरे त्या चार रांगा म्हणजे माझी चुलत मावस भावंडं, त्यातल्या सहा जणांनी पिक्चरमधे काम पण केलंय.

म्हणून सगळ्यात आधी हॉलमधे कोण बसलंय ते बघा, पिक्चर नंतर. लो बजेटमधे कास्ट, क्रू, स्वयंपाक, गाडी चालवणारा, सगळे घरचेच असतात. ‘काविते’ नावाचा २००५ चा पिक्चर इयान गामाझोन आणि नील देला याना या दोघांनी साधारण ७,००० डॉलरमधे शूट केला, आणि मुख्य रोलला कोणी मिळेना म्हणून इयान स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. एवढ्या पैशात पिक्चर होतो तेव्हा पहिल्या शोला येणारे बरेचसे लोक काहीतरी देऊन बसलेले असतात, कोणी घर दिलं शूटिंगला, कोणी वीस डॉलर. त्यांच्या टाळ्या खऱ्याच असतात पण त्या वेगळ्या खिशात ठेवायच्या. दारावर तिकीट बघतानाच सहज विचारा, टीममधलं कोणी ओळखीचं आहे का. लोक खुशीने सांगतात, उलट अभिमानाने सांगतात. वहीत नुसता अंदाज लिहा, निम्मे घरचे, पाव घरचे, असं.

मग पिढी. अमेरिकेत फिलिपिनो वंशाचे चाळीस लाखांच्या वर लोक आहेत आणि ते सगळे एकाच वेळी एकाच कारणाने आलेले नाहीत. १९२०-३० च्या दशकात हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या शेतांवर राबायला आलेले वेगळे, अमेरिकन नेव्हीतून आलेले वेगळे, १९६५ चा इमिग्रेशन कायदा बदलल्यावर आलेल्या नर्सेस, डॉक्टर, अकाउंटंट वेगळे, आणि त्यांची इथेच जन्मलेली पोरं तर अजूनच वेगळी. सान फ्रान्सिस्कोला लागून असलेल्या डेली सिटीत साधारण दर तीन माणसांत एक फिलिपिनो, तिथल्या शोला आजीपासून नातवापर्यंत अख्खं घर येतं. तोच पिक्चर कॉलेज कॅम्पसवर लावला की स्टुडंट क्लबची पोरं येतात, आरडाओरडा करतात, हिरोने आजीचा हात कपाळाला लावला (मानो म्हणतात त्याला, आपल्या नमस्कारासारखं) की ‘ऑऑऑ’ करतात. आणि डाउनटाउनच्या फेस्टिवलला येणारे लोक हाताची घडी घालून बघतात. त्यामुळे एका शोवरून निकाल लावू नका, निदान दोन वेगळ्या ठिकाणचे शो बघितल्याशिवाय मी तरी आता तोंड उघडत नाही.

बसायचं कुठे? मागून तिसरी चौथी रांग, कडेची खुर्ची. तिथून डोकी दिसतात. पडद्याकडे कमी बघायचं, पिक्चर आधी एकदा बघून ठेवलेला असला तर उत्तम. फोनवर टाइप करू नका, उजेडाने आजूबाजूचे वैतागतात आणि तुम्हीच त्यांची रिॲक्शन बिघडवता. छोटी वही, पेन्सिल, आणि प्रत्येक नोंदीपुढे मिनिट. अक्षर वेडंवाकडं येतं, येऊ दे.

हशा ऐकायचा तो असा. टागालोग डायलॉगचं सबटायटल पूर्ण वाक्याचं एकदम येतं, त्यामुळे वाचणारे आधी हसतात आणि ऐकणारे वाक्य संपल्यावर, आईचा तो सूर ऐकून. मधे सेकंदभराचं अंतर पडतं, लक्ष दिलं की स्पष्ट कळतं. दोन्ही हशे आले तर सीन लिहिण्यात पण बरोबर आणि बोलण्यात पण बरोबर. फक्त पहिला आला तर ओळ मजेशीर आहे पण नट ती पुस्तकातून वाचल्यासारखी बोलतोय, आणि फिलिपिनो प्रेक्षक ॲक्सेंटच्या बाबतीत अजिबात दयामाया दाखवत नाहीत, इथे वाढलेल्या नटाने ओढूनताणून फिलिपिनो ॲक्सेंट काढला की मागे कुजबुज सुरू झालीच म्हणून समजा. फक्त दुसरा आला तर सबटायटल बदला, हे सगळ्यात स्वस्त काम आहे, यासाठी काही रीशूट करावं लागत नाही.

अजून एक हसू असतं ते जोक नसताना येतं. मागे भिंतीवर लाकडी मोठा चमचा आणि काटा टांगलेला दिसला, बाथरूममधे टाबो म्हणजे पाण्याचा डबा दिसला, दारात बालिकबायान बॉक्स (मायदेशी पाठवायचं सामान भरलेलं खोकं) टेपने गुंडाळणं चाललंय, की लगेच खसखस पिकते. हे ओळखीचं हसू. छान असतं, पण ते लेखकाच्या खात्यात जमा करू नका, ते आर्ट डायरेक्शनच्या खात्यात. आणि अर्ध्या तासानंतर सुद्धा फक्त याच गोष्टींवर हसत असतील तर गोष्ट कुठे अडकलीये ते शोधायला पाहिजे.

शांततेचं मात्र सांभाळून. शांत झाले म्हणजे कंटाळले असं नव्हे. ‘टीएनटी’ हा शब्द आला, म्हणजे तागो नांग तागो, कागदपत्रांशिवाय लपूनछपून राहणारा माणूस, की हॉल एकदम गार पडतो. बऱ्याच घरांत असं कोणीतरी असतं किंवा होतं. कंटाळ्याची शांतता वेगळी ऐकू येते, तिच्यात खुर्च्या करकरतात, पिशव्या चुरचुरतात, मोबाईलचा प्रकाश इथे तिथे पेटतो. मी दोन वेगळ्या खुणा करतो, गोळा म्हणजे जिवंत शांतता, फुली म्हणजे चुळबुळ. फुल्या सलग तीन आल्या की तिथे कात्री चालवायला हरकत नाही.

आणि तरुण जोडीच्या सीनला जो दबका किंचाळीसारखा आवाज येतो त्याला किलिग म्हणतात, पोटात गुदगुल्या झाल्यासारखं. तो आला तर जोडी जमली. तो कधी खोटा येत नाही, चुलत भावंडांकडून पण.

साउंडबद्दल एकच सांगतो, लोक हलणारा कॅमेरा माफ करतात, अंधारलेला सीन माफ करतात, पण ऐकू आलं नाही तर माफ करत नाहीत. शेजारच्याला ‘काय म्हणाला?’ असं कोणी विचारलं की मिनिट लिहा, दुसरं काही नाही.

आता शो सुटल्यावरचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम. याच्यातून फार काही मिळेल अशी आशा ठेवू नका. पहिले दोन तीन लोक प्रश्न विचारतच नाहीत, माइक घेऊन आभार मानतात, आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावर आमच्यासारखं घर बघितलं म्हणून. गळा दाटलेला असतो, आणि ते खोटं नाही. ‘द डेब्यू’ हा जीन काहायोनचा पिक्चर आठवा, अठराव्या वाढदिवसाच्या पार्टीत घडणारा, मुलाला चित्रकार व्हायचंय आणि पोस्टात काम करणाऱ्या बापाला त्याला डॉक्टर करायचंय. मोठा डिस्ट्रिब्युटर पाठीशी नव्हता, टीमनेच २००१ पासून एकेक शहर करत तो अमेरिकेभर नेला, कारण लोक एवढे उपाशी होते अशा पिक्चरसाठी. पण उपाशी माणूस स्वयंपाकाबद्दल खरं बोलत नाही. कृतज्ञता आणि मत या दोन गोष्टी वेगळ्या कॉलममधे लिहायच्या, माझी वही तशीच आखलेली असते, डावीकडे ‘बघायला मिळालं’, उजवीकडे ‘आवडलं’. डावा कॉलम नेहमी भरतो. काम उजव्यात आहे.

खरी बोलणी लॉबीत होतात. तिथे तिताला ‘पिक्चर कसा वाटला’ हे विचारूच नका. ती म्हणणार छान, खूप छान, तू काही खाल्लंस का. समोरच्याला वाईट वाटू नये हा संस्कार इतका पक्का आहे की तुम्ही वीस मिनिटं उभे राहिलात तरी छानच ऐकायला मिळेल. त्याऐवजी माणसांबद्दल विचारा. ‘ती आई, तशी कोणी आहे का हो तुमच्या ओळखीत?’ बस्स, मग बघा. ती सांगायला लागते, माझी बहीण अगदी तशीच आहे पण ती अशी ओरडली नसती, ती गप्प बसली असती, तीन दिवस. याला ताम्पो म्हणतात, रुसून अबोला धरणं. आणि तुम्हाला कळतं की भांडणाचा सीन का खोटा वाटला, आई ओरडली म्हणून. हे कुठल्याही फॉर्मवर कोणी लिहून देत नाही.

पोरांना वेगळं विचारायचं, ती थेट बोलतात. कुठे मोबाईल बघितला? कुठला माणूस अजून हवा होता? घरी जाऊन भावाला कुठला सीन सांगशील? सांगण्यासारखा एक पण सीन सापडला नाही तर तेच उत्तर.

आणि ‘सायांग’ हा शब्द कानावर पडला तर कान टवकारा. वाया गेलं, थोडक्यात हुकलं, हळहळ वाटणं, सगळं त्यात येतं. ‘सायांग, तो आजोबा लवकर मेला.’ ‘सायांग, शेवट घाईत केला.’ ज्याला पिक्चर आवडलाच नाही तो सायांग म्हणत नाही, तो गाडी काढून निघून जातो. म्हणजे सायांग म्हणणारा माणूस तुमच्या बाजूचा आहे आणि तरीही खरं बोलतोय, असा सल्ला फुकट मिळतोय तर शब्द न शब्द लिहून घ्या.

काही तक्रारी मात्र प्रत्येक शोला येतात, त्यांनी डायरेक्टरने खचून जायचं कारण नाही. परत पार्टी, परत कराओके, परत कडक बाप, परत नर्स आई. नाहीतर सगळे टागालोगच का बोलतात, आम्ही इलोकानो, आम्ही बिसाया (फिलिपिन्समधल्याच दुसऱ्या भाषा बोलणारे), आमचं काय. यात तथ्य आहे, शेतांवर आलेल्या जुन्या लोकांत इलोकानो आणि बिसाया भरपूर होते. पण अर्धी तक्रार त्या पिक्चरबद्दल नसतेच, असे पिक्चर इतके कमी निघतात म्हणून प्रत्येकाला वाटतं याच एकात आपलं सगळं यावं. ओळखायचं कसं? ‘तुम्ही हे नाही दाखवलंत’ म्हणाला तर पुढच्या पिक्चरसाठी ठेवा. ‘तुम्ही हे चुकीचं दाखवलंत’ म्हणाला तर आजच ऐका.

फिलिपिनो नसलेले प्रेक्षक बहुतेक एकच वाक्य बोलतात, अरे हे तर आमच्याच घरचं. मेक्सिकन, इटालियन, व्हिएतनामी, सगळे. ऐकायला गोड, उपयोगाला शून्य. लगेच विचारा कुठला सीन. सीन सांगता आला तर खरं, नाही तर सौजन्य.

ऑनलाइन रेटिंग थोडक्यात उरकतो. दहापैकी दहावाले घरचे किंवा भारावलेले, एकवाले कुठल्यातरी एका गोष्टीवर चिडलेले. पाच ते सात दिलेल्यांचं सावकाश वाचा, त्यात ‘पण’ नंतर जे लिहिलेलं असतं ते.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. लॉबीत लोक मोकळे होतात, घरातलं बोलतात, कोणाचा व्हिसा संपला, कोण कुठे लपून काम करतं. ते वहीत लिहायचं नाही, रेकॉर्ड तर नाहीच नाही, आणि पोस्टरवर छापायला कोट म्हणून तर अजिबातच नाही. ‘टीएनटी सीनला हॉल गार’ एवढी नोंद पुरते.

नोंदी डायरेक्टरला त्याच रात्री देऊ नका. त्या रात्री तो एकतर ढगात असतो नाहीतर खड्ड्यात. दोन दिवसांनी द्या, मिनिटाप्रमाणे लावून, घरच्यांचा हशा कंसात टाकून. त्या जेवलास का सीनसमोर मी शेवटी लिहिलं, ‘डावीकडे काही नाही, उजवीकडे तीन टिश्यू, हात लावू नकोस.’ त्याने खरंच लावला नाही.

आणि लॉबीत पोचायचं ते लुम्पियाचा (फिलिपिनो स्प्रिंग रोल) ट्रे रिकामा व्हायच्या आत, शेवटचा रोल उचलला गेला की पाच मिनिटांत सगळे पार्किंगमधे असतात.