मडूच्या मातेकडे निघण्यापूर्वी

श्रीलंकेतल्या मडूच्या मातेला भेटायचा दिवस कोलंबोहून पहाटे निघून रात्री परत यायच्या बेतात बसवू नका. मन्नार जिल्ह्यातलं मारिया मातेचं हे तीर्थस्थान कोलंबोपासून फार लांब. आदली रात्र अनुराधपुरात काढली तर सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, निवांत मिळते, आणि आपण जातो तिच्यासाठीच.

पासपोर्ट, आधीच ऑनलाइन काढलेली प्रवेश परवानगी आणि दोन्हींच्या झेरॉक्स वेगळ्या बॅगेत ठेवा. प्रत्येकाचं नाव, रक्तगट, रोजची औषधं आणि घरचा फोन गटप्रमुखाकडे कागदावर लिहिलेला असावा, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी गरजेला संपते. सोबत फादर असतील तर त्यांनी बिशपांचं पत्र घ्यावं आणि मराठी मिस्सेसाठी तिथल्या धर्मगुरूंना आधीच कळवावं. पापनिवेदन मात्र घरच्या चर्चमध्येच करून निघा. तिथली भाषा तामिळ नाहीतर सिंहली.

कपडे सुती, खांदे आणि गुडघे झाकणारे. चपला चटकन काढता येतील अशा. छत्री, डासांचं मलम, ओआरएसची पाकिटं आणि माणशी दोन बाटल्या पाणी हवंच. हा कोरड्या रानाचा भाग आहे, दुपार अंगावर येते. मिस्सेत ख्रिस्तशरीर (पवित्र भाकर) घेण्यापूर्वी तासभर खायचं नसतं, पण पाणी आणि औषध चालतं. हे मधुमेहींना मुद्दाम सांगा, नाहीतर भक्तीपोटी ते गोळीही टाळतात. आजारी आणि वयस्करांना तासाचंही बंधन नाही.

आता मनाची तयारी. निघण्याआधीच्या रविवारी सगळ्यांनी एकत्र बसून संत जोसेफ वाझ यांचं चरित्र वाचावं. १६५१ साली गोव्यात बाणावलीला जन्मलेला हा धर्मगुरू १६८७ साली डचांच्या डोळ्यांत धूळ फेकत वेश पालटून लंकेत उतरला. डच तेव्हा कॅथलिकांचा छळ करत. याच छळामुळे १६७० मध्ये मन्ताईची कॅथलिक कुटुंबं मारिया मातेची मूर्ती घेऊन रानात शिरली, असं तिथली परंपरा सांगते. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत वाझ यांना संतपद दिलं आणि त्याच दिवशी ते मडूला गेले. हे ठाऊक असलं की तिथली रोझरी (जपमाळेची प्रार्थना) वेगळी म्हटली जाते. श्रीलंकेच्या यादवी युद्धात इथे आसऱ्याला आलेली माणसं नोव्हेंबर १९९९ मध्ये तोफगोळ्यांनी मारली गेली. त्यांच्यासाठी रोझरीचं एक दशक (दहा मण्यांचा जप) ठेवा, पण स्थानिकांना त्याबद्दल खोदून विचारू नका.

१५ ऑगस्टच्या सणाला गर्दी अफाट असते. म्हातारी माणसं असतील तर दुसरी तारीख निवडा. जोड्या लावा, चुकल्यास भेटायची जागा ठरवा आणि बसच्या नंबरचा फोटो प्रत्येकाकडे असू द्या.

मडूची माती सर्पदंशावर गुणकारी मानून भाविक ती घेतात. आपण मात्र ती आणू नये, भारतात परदेशी माती आणायला बंदी आहे. रोझरी किंवा मातेचा फोटो घ्या आणि फादरांकडून आशीर्वादित करून घ्या.