ग्वाल्हेरला नव्याने आलेल्यांसाठी: तापमानाआधी वाऱ्याची दिशा पाहा

बदली, शिक्षण किंवा लग्न यांच्या निमित्ताने महाराष्ट्रातून ग्वाल्हेरला येणाऱ्या मंडळींना घर, किराणा, शाळा आणि गणेशोत्सव यांविषयी सल्ला देणारे मराठी शेजारी लष्कर या शहराच्या जुन्या भागात गल्लोगल्ली भेटतात. हवेविषयी मात्र ‘येथे थंडी फार आणि ऊनही फार’ यापलीकडे सहसा कोणी काही सांगत नाही. ते खरे असले तरी त्याचा उपयोग थोडा, कारण नवख्या माणसाला जाच होतो तो थंडीचा किंवा उन्हाचा नव्हे, तर ती दोन-तीन दिवसांत कूस कशी बदलतात हे न कळल्याचा. येथे बरीच वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, सकाळी उठून तापमानाचा आकडा पाहण्याआधी वारा कोणत्या दिशेने येतो आहे हे पाहावे. पुढच्या दोन दिवसांचा अंदाज बराचसा त्यातच असतो.

कारण साधे आहे. एखाद्या विस्तीर्ण आणि एकसारख्या प्रदेशावर हवा काही दिवस ठाण मांडून बसली की ती त्या प्रदेशाचे तापमान आणि ओलावा अंगी घेते. अशा हवेला भूगोलात वायुराशी म्हणतात, आणि ती जेथे जाते तेथे आपले गुण सोबत नेते. मुंबईत समुद्र वर्षभर तापमान आवरून धरतो. ग्वाल्हेर मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंचीवर, दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर आत आणि जवळजवळ सपाट मुलखात आहे. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते, त्यामुळे येथे स्वतःची अशी सौम्य हवा नाहीच. जी येते ती पाहुणी. पश्चिमेकडून थरच्या वाळवंटाची, वायव्येकडून बर्फाळ डोंगरांवरून उतरलेली, पूर्वेकडून बंगालच्या उपसागराची आणि नैऋत्येकडून अरबी समुद्राची. हिमालय सैबेरियाची खरी कडक थंडी अडवतो हे उपकारच. पण वायव्येला अडसर नाही, आणि अरवलीची रांग नैऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेली असल्याने ती अरबी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला आडवी येत नाही, त्याला समांतर राहते.

बहुतेक जण जून-जुलैत येतात, म्हणून पावसापासून सुरुवात करतो. घाटमाथ्याच्या आसपास वाढलेल्या माणसाला पाऊस पश्चिमेकडून येतो हे इतके अंगवळणी पडलेले असते की तो येथेही पश्चिमेच्या ढगांकडे डोळे लावून बसतो. कोकणात अरबी समुद्रावरून आलेला दमट वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो, थंड होतो आणि पाऊस पाडतो. येथे वर चढवणारा सह्याद्री नाही. ते काम कमी दाबाची क्षेत्रे करतात, आणि ती तयार होतात बंगालच्या उपसागरात, ज्याचे पृष्ठभागाचे पाणी पावसाळ्यातही २८ अंशांच्या आसपास उबदार राहते. ही क्षेत्रे ओडिशावरून जमिनीवर चढून छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातून वायव्येकडे सरकतात. राजस्थानातील श्रीगंगानगरपासून उपसागराच्या शिरोभागापर्यंत पसरलेला कमी दाबाचा लांब पट्टा, म्हणजे मान्सूनचा आस, हा त्यांचा नेहमीचा मार्ग असतो. या आसाच्या दक्षिणेला पश्चिमेचे वारे असतात आणि उत्तरेला पूर्वेचे. म्हणून पावसाळ्यात ग्वाल्हेरला दमट पुरवाई सुटली, तर आस आपल्या दक्षिणेला आहे आणि उपसागराची हवा थेट आपल्यापर्यंत पोहोचते आहे, असे समजावे.

कमी दाबाच्या क्षेत्राभोवती वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात आणि सर्वाधिक पाऊस बहुधा केंद्राच्या नैऋत्येला पडतो. केंद्र जबलपूर-भोपाळकडून गेले तर मुसळधार पाऊस तिकडचा आणि आपल्याकडे सरी. पण केंद्र उत्तरेकडे सरकून वायव्य मध्य प्रदेशावर रेंगाळले तर गाठ आपल्याशी. ऑगस्ट २०२१ च्या पहिल्या आठवड्यात असेच झाले, तेव्हा शिवपुरी, श्योपूर, दतिया, भिंड आणि ग्वाल्हेर या भागांत पूर आला आणि सिंध नदीवरचा रतनगढचा पूल वाहून गेला. वर्तमानपत्रातला ‘अतिवृष्टी’ हा शब्द पुष्कळदा सैल वापरलेला असतो, म्हणून हवामान खात्याची मापे लक्षात ठेवलेली बरी: चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार पाऊस. ही नोंद सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ अशी असते. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप येथेही चालते. ते मोबाइलवर ठेवावेच.

आस हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की येथे पावसाला खंड पडतो, ऊन निघते आणि घाम वाळत नाही. त्या दिवसांत कूलरला दोष देण्यात अर्थ नाही. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो खोली सुखाची करतो आणि जुलैत तोच खोली अधिक चिकट करतो. कूलर घ्यावा की एसी, हा वाद म्हणूनच संपत नाही. माझ्या मते येथे आधी कूलर घ्यावा, कारण कोरड्या उन्हाळ्याचे दिवस जास्त असतात.

आता थंडी. नवख्यांचे अंदाज सर्वांत जास्त येथे चुकतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर, खूप उंचावरून, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह, म्हणजे अतिवेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहत असतो, आणि भूमध्य समुद्राच्या व कॅस्पियनच्या बाजूने आलेले कमी दाबाचे प्रवाह त्याच्याबरोबर वाहत येतात. मराठीत त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. येथील हिंदी वर्तमानपत्रांत ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणून ते डिसेंबर ते मार्च रोज भेटतील. पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतील बर्गेन येथे विल्हेम ब्यर्कनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्ण आणि थंड वायुराशींच्या सीमेला आघाडी मानून जे चित्र मांडले, ते युरोपात जसेच्या तसे दिसते. आपल्यापर्यंत येताना त्या आघाड्या विरून गेलेल्या असतात. तरीही दोन हवांची अदलाबदल स्पष्ट जाणवते, आणि तिचा क्रम ठरलेला असतो.

आधी पश्चिमेकडून पिसांसारखे उंच ढग येतात, वारा वायव्य सोडून पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे वळतो आणि रात्र अचानक उबदार वाटते. राजस्थानवर तयार झालेले चक्राकार वारे अरबी समुद्रावरून ओलावा ओढून घेत असतात, त्याचा हा परिणाम. दुसऱ्या दिवशी येथे ज्याला मावठा म्हणतात तो हलका पाऊस, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कधीकधी गारपीट, जी हरभरा, मोहरी आणि गव्हाचे पीक झोपवते. झंझावात पुढे सरकला की आकाश धुतल्यासारखे निळे होते, वायव्येचा कोरडा वारा परततो आणि किमान तापमान पाच-सहा अंशांनी कोसळते. उबदार रात्रीला फसून रजई पेटीत टाकणारे दरवर्षी दिसतात. ढगाळ रात्रीची ऊब हा थंडी संपल्याचा संकेत नसून पुढच्या थंडीचा आहे.

त्यानंतर वारा पडला तर धुके. पावसाने ओली झालेली जमीन निरभ्र रात्री उष्णता सोडून वेगाने गार होते, तिला लागून असलेली हवाही गार होते, आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. संध्याकाळी चहाच्या टपरीवरील शेगडीचा धूर वर न जाता गल्लीत माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर आडवा पसरलेला दिसला, तर सकाळी धुके पडण्याची तयारी झाली आहे असे समजा. दृश्यता एक किलोमीटरच्या आत आली की ते धुके, आणि ५० मीटरच्या आत आली की अतिदाट. पंजाब मेल, झेलम आणि गोवा एक्स्प्रेस या आपल्या मुलखाकडे जाणाऱ्या गाड्या दिल्ली-पंजाबच्या बाजूने, म्हणजे याच धुक्यातून येतात, म्हणून डिसेंबरअखेर ते जानेवारीत पुढची गाडी किंवा विमान घट्ट वेळेत धरून आरक्षण करू नये.

किमान तापमान ४ अंशांवर किंवा त्याखाली गेले की हवामान खाते थंडीची लाट जाहीर करते. पण केवळ तो आकडा पाहू नका. किमान ३ अंश आणि दिवसभर लख्ख ऊन असा दिवस, किमान ८ अंश आणि दुपारी दोनपर्यंत न उठलेले धुके अशा दिवसापेक्षा कितीतरी सुसह्य असतो. दुसऱ्या प्रकाराला ‘शीत दिवस’ म्हणतात, आणि लहान मुले व वृद्ध यांना तोच अधिक बाधतो. घर पाहताना गच्चीवर दक्षिणेचे ऊन येते का हे विचारावे. जुन्या दगडी घरांत हिवाळ्यात खोलीपेक्षा गच्ची उबदार असते.

उन्हाळ्याबद्दल तुम्हाला आधीच पुरेसे घाबरवलेले असेल. थरवरून येणारी लू, म्हणजे कोरडा तापलेला वारा, सकाळी उशिरा सुटते आणि सूर्य मावळल्यावर मंदावते; कमाल तापमान ४५ ला पोहोचले की ती उष्णतेची लाट, ४७ ला तीव्र लाट. बाहेरची कामे सकाळी दहाच्या आत उरकावीत, डोक्याला सुती पंचा असावा, पन्हे घरात असावे, एवढे पुरे. येथे २५ मेच्या सुमारास, रोहिणी नक्षत्रात सूर्य शिरताच सुरू होणारा नौतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, पाळतात, आणि पावसाची खरी वाट मृगाला नव्हे तर आर्द्रेला, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास पाहतात.

समजून घ्यायची गोष्ट आहे आंधी. महाराष्ट्रात वळवाचा ढग गडगडला की पाणी पडते. येथे मे महिन्यात तसाच ढग येतो, पण खालची हवा इतकी कोरडी असते की पाऊस जमिनीला लागण्याआधीच हवेत विरतो. विरताना तो हवा थंड करतो, थंड हवा जड होऊन वेगाने खाली आपटते आणि जमिनीवर पसरून वाळलेली माती उचलते. चार-साडेचारला लू एकाएकी थांबते, पश्चिमेचे क्षितिज गेरूच्या रंगाचे होते, आणि दहा मिनिटांत समोरची इमारत दिसेनाशी होते. अशा वेळी सर्वांत आधी कूलर बंद करावा, कारण तो बाहेरचीच हवा ओढतो. ओल्या गवताच्या जाळ्यांवर धूळ बसून त्यांचा चिखल होतो आणि मग त्या धुऊनही निघत नाही. नंतर चार थेंब पडले तर गच्चीवरच्या कपड्यांवर मातीचे ठिपके उमटतात. हवा मात्र अर्ध्या तासात आठ-दहा अंशांनी उतरते, आणि त्या रात्री अंगणात झोप लागते.

हे सर्व जमिनीवरचे झाले. वर्षाचा कल मात्र समुद्र ठरवतो. पॅसिफिकमध्ये व्यापारी वारे उबदार पाणी पश्चिमेकडे, इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात. ते मंदावले की उबदार पाणी पूर्वेकडे सरकते, त्याच्या मागोमाग ढगांचे क्षेत्रही सरकते आणि आपला मान्सून बहुधा दुबळा पडतो. हवामान खात्याचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅसिफिक आणि हिंदी महासागरावरील हवेच्या दाबांचा हा झोका ओळखला होता. २००२ आणि २००९ ही अशा एल निनोच्या वर्षांतील दुष्काळाची वर्षे. १९९७ मध्ये मात्र एल निनो फार प्रबळ असूनही देशाचा पाऊस सरासरीएवढा झाला, कारण त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्व भागापेक्षा अधिक उबदार होता. म्हणून एप्रिलमध्ये एल निनोची बातमी वाचून दुष्काळ पक्का धरू नये, पण तयारी ठेवावी. शहराचे पाणी मुख्यतः तिघरा धरणातून येते आणि ते धरण पावसाळ्याच्या या तीन महिन्यांवर अवलंबून असते. तेव्हा भाडेकरार करताना गच्चीवरची टाकी किती लिटरची आहे, इमारतीला बोअरिंग आहे का, आणि मागच्या उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड येत होते का, हे तीन प्रश्न घरमालकाला विचारून घ्या, आणि तिसऱ्याचे उत्तर शेजाऱ्याकडून पडताळा.