रोजंदारीच्या घरात बीपी-शुगरचा उपचार सुटू नये म्हणून

हृदयविकार हा बसून खाणाऱ्यांचा आजार, हा समज सोडून द्या. भारतासह २० देशांतल्या दीड लाखांवर लोकांच्या 'प्युअर' अभ्यासात २०१९ साली दिसलं, की गरीब देशांत कमी शिकलेल्यांच्या अंगी धोक्याचे घटक एकूण कमी असूनही हृदयविकार आणि पक्षाघात त्यांनाच जास्त गाठतात. त्यांच्यापर्यंत उपचार नीट पोचत नाहीत, हे त्यातलं मोठं कारण. म्हणून घरात कुणी धुणीभांडी, शेतमजुरी किंवा बांधकामावर जात असेल, तर पथ्याचे धडे नंतर द्या. आधी उपचाराची घडी बसवा.

तिशी ओलांडलेल्यांचं बीपी आणि शुगर गावच्या उपकेंद्रात मोफत तपासतात. आशाताईंच्या फॉर्मवर कंबरेचा घेर लागतो. बाईचा ८० आणि पुरुषाचा ९० सेंमीच्या वर गेला की धोक्याचे गुण वाढतात. टेप साडीच्या निऱ्यांवरून घेऊ नका, आकडा फुगतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा.

कामावरून धावत येऊन किंवा नुकती मिश्री लावून मोजलेलं बीपी चढं येतं. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा आणि हात छातीच्या उंचीवर टेकवा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा वर आलं, तर तो रक्तदाब. उपाशीपोटी शुगर दोनदा १२६ किंवा वर आली, तर मधुमेह.

खरी गळती पुढे लागते, गोळ्यांत. वाचता येत नसेल तर माणूस गोळी रंगावरून ओळखतो. कंपनी बदलली, रंग बदलला, की 'ही माझी नाही' म्हणून ती डब्यात पडून राहते. म्हणून दोन कापडी पिशव्या करा, एकीवर सूर्य काढा, दुसरीवर चंद्र, आणि नवी स्ट्रिप आली की जुन्या रिकाम्या स्ट्रिपशी नाव जुळवून घरातल्या वाचणाऱ्यानेच योग्य पिशवीत टाकावी. कापलेली स्ट्रिप घेऊ नका, नाव आणि मुदतीची तारीख नेमकी कापलेल्या तुकड्यावर जाते. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी जेवणासोबत घ्यावी, रिकाम्या पोटी मळमळतं आणि मग माणूस ती सोडूनच देतो. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करणं सगळ्यात घातक. बरं वाटतंय ते गोळीमुळेच.

औषधासाठी दिवसाची मजुरी बुडता कामा नये. एका खेपेत ३० दिवसांच्या गोळ्या मागा, फेरी आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा आणि पाच गोळ्या उरल्या की निघा. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह उपचार मोफत आहेत. बाहेरून घ्यायची वेळ आलीच तर जनऔषधी केंद्र गाठा.

मिठाचा हिशोब पुडीवर करा. माणशी दिवसाला ५ ग्रॅम धरलं तर चौघांना किलोची पुडी ५० दिवस पुरायला हवी, लोणचं-पापड-फरसाणातलं मीठ धरून. महिन्यात संपत असेल तर चटणी-आमटीतलं मीठ थोडं थोडं कमी करत न्या. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळच मिळतो, त्यामुळे ताटात भात वाढतो. वरण घट्ट करा, भात निम्मा वाढा, शेवग्याचा किंवा मेथीचा पाला रोज घाला.

छातीत दाब येऊन घाम सुटला, तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर गॅस समजून सोडा देत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.