सुई साफ करताना या चुका टाळा

गाण्यातले 'स' आणि 'श' फाटायला लागले, आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटू लागला, की आधी टर्नटेबलची, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राची, सुई भिंगाखाली धरून बघा. टोकाला बहुतेक वेळा राखाडी पुंजका चिकटलेला सापडतो. तो काढायला आपसूक बोट पुढे जातं. ते आवरा.

टोकाची हिऱ्याची कणी भक्कम असते. जपायचं असतं तिच्या मागचं सगळं. कणी कँटिलिव्हर नावाच्या केसासारख्या काडीला चिकटवलेली असते आणि काडीचं दुसरं टोक रबराच्या कड्यात तोललेलं असतं. वाजताना सुईवर साधारण दीड ते दोन ग्रॅम भार असतो. बोट नुसतं टेकलं तरी त्याच्या कितीतरी पट दाब पडतो, वर बोटाचं तेल लागतं ते वेगळंच.

पुंजका काढायचा तो मऊ, कोरड्या ब्रशने. ब्रशची दिशा मात्र कधीच चुकवू नका. टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) मुळाकडून हेडशेलच्या (दांड्याच्या पुढच्या, सुई बसवलेल्या भागाच्या) टोकाकडे, म्हणजे मागून पुढे, हलक्या हाताने. रेकॉर्ड सुईखालून याच दिशेने सरकते, त्यामुळे काडीला तो ओढा सवयीचा असतो. आडवा किंवा उलटा हात फिरला की काडी वाकू शकते. माझी एक चांगली सुई धूळ पुसताना फडक्याच्या सुट्या धाग्यात अडकून गेली. तेव्हापासून सुईजवळ मी कापड आणतच नाही. कापसाचा बोळाही नको.

स्पिरिटमध्ये ब्रश बुडवून घासणं ही आणखी एक चूक. ओल काडीवरून वर चढते, कणीचा गोंद सैल करू शकते आणि रबरापर्यंत पोचते. फुंकर मारली तर थुंकीचे कण बसतात. (घरातल्या जुन्या ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्यांना तर स्पिरिट लावूच नका, लाख त्यात विरघळते.)

पुंजका हट्टी असेल तर पांढऱ्या मेलामाइन स्पंजचा कोरडा तुकडा थांबलेल्या प्लॅटरवर (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकावर) ठेवा. टोनआर्म वर-खाली करायच्या लिव्हरने सुई अलगद त्यावर सोडा, उचला. दोन-तीनदा पुरे. सुई टेकलेली असताना स्पंज सरकवायचा नाही.

हे सगळं करण्याआधी अँप्लिफायरचा आवाज शून्यावर आणा, नाहीतर ब्रशचा धक्का थेट स्पीकरला बसतो.

साफ करूनही 'स' फाटतोच? दुसरी, चांगल्या अवस्थेतली रेकॉर्ड लावून बघा. ती स्वच्छ वाजली तर दोष पहिल्या रेकॉर्डमध्ये. तीही फाटली तर सुई झिजली असेल किंवा कार्ट्रिज (सुई ज्यात बसते ती डबी) नीट बसलेलं नसेल. समोरून पाहताना काडी एका बाजूला कललेली दिसली तर मात्र त्या सुईखाली एकही रेकॉर्ड ठेवू नका.