जुन्या डेस्कटॉपची रॅम वाढवताना

ब्राउझरचे चार टॅब उघडले की जुना डेस्कटॉप धापा टाकतो. नवीन घेण्याआधी रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी, वाढवून बघा.

१. विंडोज १० मध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. रॅम बसवायच्या खाचा म्हणजे स्लॉट. त्यातले किती भरलेत ते तिथेच दिसतं.

२. पीसी बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा. मग झाकण उघडून रॅमच्या जुन्या पट्टीच्या स्टिकरचा फोटो काढा. दुकानात हाच फोटो दाखवायचा. स्टिकरवर ‘पीसी३’ म्हणजे डीडीआर३ प्रकारची रॅम, ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसतच नाही.

३. नवी पट्टी दोन्ही टोकांना सारखी दाबा, क्लिप ‘टक्’ करून लागेपर्यंत. माझी एका बाजूने अर्धीच बसली होती. स्क्रीन काळी, नुसते बीप! काढून सोनेरी पिनांवर खोडरबर फिरवला, भुगा झटकला, परत बसवली, चालू झाला.

स्वस्तात मिळणारी सर्व्हरची रॅम मात्र घेऊ नका. स्टिकरवर ‘१२८००आर’ असेल तर ती सर्व्हरची. साध्या डेस्कटॉपला त्या आकड्याच्या शेवटी ‘यू’ लागतो. आणि विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वरच्या रॅमचे पैसे पाण्यात.