गाडीला दोन तास आहेत : कोल्हापूर स्थानकाबाहेरचा वेळ कसा घालवावा

मिरजेहून १८९१ मध्ये आलेला लोहमार्ग कोल्हापुरातच संपतो, त्यामुळे छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर लांबून येऊन पुढे जाणारी गाडी नसते. जी सुटायची ती इथूनच सुटते. मधल्या स्थानकांवर "गाडी कुठे वेळेवर येणार आहे" या भरवशावर निवांत राहण्याची सवय असते, ती इथे उपयोगाची नाही. दुपारची महाराष्ट्र एक्स्प्रेस असो की रात्रीची महालक्ष्मी, गाडी बहुधा आधीच फलाटाला लागलेली असते आणि वेळ झाली की निघते. म्हणून सुटण्याच्या वेळेतून प्रथम अर्धा तास वजा करावा आणि जो उरेल त्यालाच मोकळा वेळ म्हणावे.

या मोकळ्या वेळातही दोन जाती आहेत. चालणे आपल्या हातात असते, कारण कोणत्याही क्षणी मागे वळता येते. अंबाबाईच्या दर्शनाची रांग, खानावळीतले मटणाचे ताट आणि चप्पल लाईनमधली घासाघीस मात्र दुसऱ्याच्या हातात असते. हे मी फुकट शिकलेलो नाही. काही वर्षांपूर्वी हाताशी पावणेदोन तास असताना शहरातल्या एका खानावळीत बसलो. "झालंच, ताट वाढायला घेतलंय" हे वाक्य तीन वेळा ऐकले, चौथ्या वेळी खरोखर ताट आले, आणि पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी नाकारण्याचे धैर्य मला झाले नाही. फलाटावर पोचलो तेव्हा शेवटच्या डब्याचा लाल दिवा तेवढा दिसत होता. तेव्हापासून दोन तासांहून कमी वेळ असेल तर दुसऱ्याच्या हातातली फार तर एक गोष्ट करायची, आणि तीही स्थानकाच्या जवळची, असा नियम मी पाळतो.

सामानाचा प्रश्न बाहेर पडण्यापूर्वी सोडवावा. रेल्वेच्या क्लोक रूममध्ये सामान ठेवायचे तर तिकीट दाखवावे लागते आणि बॅगेला कुलूप असावे लागते, तेव्हा छोटे कुलूप जवळ असू द्यावे. चाकांची बॅग ओढत शहर पाहण्याच्या फंदात पडू नये. इथले पदपथ तिच्यासाठी बांधलेले नाहीत.

तासाभराचाच वेळ असेल तर शाहूपुरी सोडू नये. स्थानक ज्या भागात आहे ती ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी व्यापारासाठी वसवली आणि गुळाच्या व्यापाराने ती नावारूपाला आली. तिच्या गल्ल्यांना क्रमांक असल्याने नवख्या माणसालाही चुकण्याची भीती नसते. आषाढापासून गणेश चतुर्थीपर्यंतचे दिवस असतील तर कुंभार गल्लीत अवश्य जावे. घरांच्या ओसरीपासून रस्त्याकडेच्या मांडवापर्यंत मूर्तींच्या रांगा लागलेल्या असतात, आणि नशीब असेल तर डोळे आखण्याचे काम चाललेले दिसते. कारागीर डावा हात मूर्तीच्या गालाला टेकवून उजव्या मनगटाला आधार देतो, बारीक कुंचला एकदाच उचलतो आणि पापणीची रेघ पुरी होईपर्यंत शेजारच्याच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. तिथे उभे राहावे, विचारल्याशिवाय फोटो काढू नये. रुळांच्या पलीकडे राजारामपुरी आहे, तिकडेही खाण्यापिण्याची रेलचेल आहे. परंतु जोराचा पाऊस झाला की परीख पुलाखाली पाणी साचते आणि परतीची वाट लांबते, हे लक्षात घेऊन मगच तिकडे वळावे.

दोन तास हातात असतील तर माझी शिफारस शहराच्या दिशेने चालण्याची आहे. स्टेशन रोडने मध्यवर्ती बसस्थानकाची गर्दी टाळत व्हीनस कॉर्नरला यावे आणि तिथून सरळ दसरा चौक गाठावा. निवांत चालीने वीस मिनिटे पुरतात. हा चौक संस्थानी दसऱ्यासाठी प्रसिद्ध असला तरी उरलेले वर्षभर तिथे पाहण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. शाहू महाराजांच्या पुतळ्याजवळ उभे राहून आजूबाजूला पाहावे. दिगंबर जैन बोर्डिंग आणि मुस्लिम बोर्डिंग या इमारती एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत. खेड्यापाड्यांतल्या मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून १९०१ पासून महाराजांच्या प्रोत्साहनाने आणि मदतीने एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहत गेली, ती ही मालिका. पाठ्यपुस्तकात एका वाक्यात उरकलेली ही हकिकत इथे दहा मिनिटांत पायी फिरून होते.

दसरा चौकातून पुढे दोन वाटा फुटतात आणि त्यांपैकी एकच निवडावी. दिवसाउजेडी टाऊन हॉलकडे जावे. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७०च्या दशकात बांधलेल्या या वास्तूत आज संग्रहालय आहे, आणि पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू तिथे ठेवल्या आहेत. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती त्याच उत्खननातली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथला व्यापार रोमन जगापर्यंत पोचलेला होता, याचा तो हाती धरता येईल एवढा पुरावा. सोमवारी संग्रहालय बंद असते, तेव्हा भोवतीच्या बागेतल्या बाकावर समाधान मानावे. संध्याकाळ असेल तर बिंदू चौक बरा. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी इथे महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीत. इथून अंबाबाईचे देऊळ अगदी जवळ असल्याने पाय आपोआप तिकडे वळू लागतात, त्यांना आवरावे. रंकाळ्याचे तर नावच काढू नये. सूर्यास्त पाहायला तळ्यावर गेलेला माणूस भेळ खाल्ल्याशिवाय उठत नाही आणि परतीच्या वाटेवर सगळे शहर त्याच्या आडवे येते.

आता बसून वेळ काढू इच्छिणाऱ्यांविषयी. पबचा शोध घेत कोणी आला तर त्याला कोल्हापुरात परमिट रूमवरच थांबावे लागेल, आणि त्यात तोटा काही नाही. बसस्थानक आणि रेल्वे स्थानक शेजारी असल्याने या परिसरात बार भरपूर आहेत, तेव्हा त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. पाटीवर "फॅमिली" असा शब्द असेल तर बहुधा वेगळा कक्ष असतो. बरोबर घरची मंडळी असल्यास तिथे बसावे. बसताच वेटरला गाडीची वेळ सांगावी, पेय आणि जेवण एकदमच मागवावे, आणि जेवण टेबलावर आले की लगेच बिल मागून ठेवावे. साठ मिलिलिटर मागवून पुन्हा तीस, मग पुन्हा तीस, असा हप्त्यांचा कारभार गाडी असलेल्या माणसाने करू नये; शेंगदाण्यांची बशी रिकामी झाली की ती भरून येतेच, आणि तिच्या नादाने ग्लासही भरला जातो. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी २१ वर्षे, तर व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि कायद्याने मद्यपानाचा परवाना लागतो. गांधी जयंतीसारख्या दिवशी कोरडा दिवस असतो. त्या दिवशी सोलकढीवर भागवावे. उरलेली बाटली पिशवीत घालून डब्यात उघडण्याचा विचार मनात आणू नये. १९८९च्या रेल्वे कायद्यातील कलम १४५ नुसार गाडीत किंवा स्थानकावर नशेत आढळणाऱ्याला खाली उतरवता येते आणि कैद व दंडही होऊ शकतो. शिवाय वरच्या बर्थवर चढायचे असते, हा मुद्दा कायद्यात नसला तरी महत्त्वाचा आहे.

न पिणाऱ्याने सकाळच्या वेळी मिसळ निवडावी, कारण ती मटणाच्या ताटासारखी वाट पाहायला लावत नाही. इथे ती पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइसबरोबर येते आणि कट, म्हणजे तिचा तिखट रस्सा, वेगळा मागता येतो. रात्रभर प्रवास करायचा असेल तर तो बेताने घ्यावा. मटणाचे ताट हवेच असेल तर गर्दीच्या वेळेआधी जावे आणि तांबडा-पांढरा रस्सा दुसऱ्यांदा वाढायला आलेल्या माणसाकडे न पाहता पानावरून हात आडवा धरावा. चपला घ्यायच्या असतील तर दुसऱ्या फेरीत घ्याव्यात. नव्याकोऱ्या करकरत्या कोल्हापुरी चपलांत फलाटावर धावता येत नाही.

परतीला चालत यायचे की रिक्षाने, हे निघतानाच ठरवावे. संध्याकाळी दसरा चौक आणि व्हीनस कॉर्नर येथे वाहने खोळंबतात, त्यामुळे त्या वेळी एवढ्या अंतरासाठी पायीच लवकर पोचता येते. रिक्षा केलीच तर भाडे आधी ठरवून गाडीचे नावही सांगावे. "मामा, महालक्ष्मी गाठायची आहे" एवढे म्हटले की रिक्षावाले मामा घड्याळाकडे पाहून स्वतःच गल्लीबोळांचा रस्ता धरतात, आणि वेळ अगदीच थोडा असेल तर तेही स्पष्ट सांगतात.

पावसाळ्यात एक चौकशी अधिक करावी. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात व्हीनस कॉर्नर पाण्याखाली गेला होता आणि मिरज-कोल्हापूर रेल्वे वाहतूकही बंद ठेवावी लागली होती. नदी इशारा पातळीच्या वर असेल तर फिरायला बाहेर पडण्याआधी चौकशी खिडकीवर जाऊन पंचगंगेवरच्या रुकडीच्या रेल्वे पुलावरून गाड्या सुरू आहेत का, हे विचारावे.